मुक्तीच्या दारातील भक्त : श्रीसंत नामदेव महाराज

आषाढी एकादशीचा महासोहळा आटोपतो, पौर्णिमेचा गोपाळकाला होतो आणि चंद्रभागेचे वाळवंट हळूहळू रिकामे होऊ लागते. दिंड्या परतीच्या वाटेला लागतात. परंतु मराठवाड्यातील आणि विदर्भातील कितीतरी वारकऱ्यांची वारी एवढ्याने पुरी होत नाही. पंढरीच्या राणाला निरोप देऊन निघालेली त्यांची पावले आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे कामिका एकादशीला, हिंगोली जिल्ह्यातील नर्सी या गावी येतात. कयाधू नदीच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून पूजिले जाते. या यात्रेला तिकडे परतवारी म्हणतात. देवाचे दर्शन झाले तरी त्याच्या लाडक्या भक्ताची भेट घेतल्याशिवाय घराचा उंबरठा ओलांडावयाचा नाही, अशी ही भोळ्या जनांची रीत आहे. आणि त्यानंतर अवघ्या दोन दिवसांनी येते ती वद्य त्रयोदशी, नामदेवरायांचा समाधिदिन.

देव भेटल्यावरही भक्त आठवावा, दर्शन घडल्यावरही वारी उरावी, या रीतीत एक खोल प्रश्न दडलेला आहे. जे दिसत नाही त्यावर ठेवावयाची ती श्रद्धा, आणि जे अद्याप हाती आले नाही त्याची धरावयाची ती आशा. मग देव प्रत्यक्ष दिसला म्हणजे श्रद्धेचे काम संपले काय? मुक्ती मिळाली म्हणजे आशेला जागा उरली नाही काय? आपल्या घरातील वडीलधारे माणूस देहाने जाते तेव्हा ते वैकुंठवासी झाले असे आपण म्हणतो. आयुष्यभर ज्याने तुळशीपुढे दिवा लावून वाट पाहिली, त्याला तेथेही कशाची वाट पाहावयाची असते काय, की ओढ, तळमळ, विश्वास हे सारे चितेबरोबर येथेच राहते? शास्त्री-पंडितांनी या प्रश्नाचा ऊहापोह ग्रंथांतून केला. नामदेवरायांनी त्याचे उत्तर आपल्या ऐंशी वर्षांच्या आयुष्याने दिले आणि पंढरीच्या महाद्वारातील एका पायरीवर ते कायमचे ठेवून दिले.

नैवेद्याचे ताट

परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२ च्या कार्तिक शुद्ध एकादशीस, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराणे शिंप्याचे. कापड बेतावे, शिवावे, विकावे आणि विठ्ठलाची वारी करावी, असा या कुटुंबाचा पिढीजात क्रम होता. पुढे हे कुटुंब पंढरपुरी स्थायिक झाले. दामाशेटी नित्य देवाला नैवेद्य नेत असत. एके दिवशी ते परगावी गेले असता गोणाईने ताट लहानग्या नामदेवाच्या हाती दिले. बालकाने ते देवापुढे ठेवले आणि देव जेवण्याची वाट पाहत तो उभा राहिला. देव जेवत नाही असे पाहून तो रडू लागला. आपल्या हातूनच काही चुकले असणार, असे वाटून त्याने पायरीवर डोके आपटण्याचा निश्चय केला. तेव्हा विठ्ठलाने हात पुढे करून नैवेद्य ग्रहण केला, अशी ही घरोघरी सांगितली जाणारी कथा आहे.

या कथेचा चमत्कार आपण आवडीने सांगतो; परंतु तिच्यापुढील भाग क्वचितच ध्यानी घेतो. देव जेवतो ही बालकाची श्रद्धा होती. ती खरी ठरली, डोळ्यांदेखत खरी ठरली. तेथे श्रद्धा पुरी होऊन थांबावयास हवी होती. परंतु नामदेवाच्या जीवनात ओढीला खरा प्रारंभ झाला तो त्या क्षणापासून. ज्याने एकदा देवाला जेवताना पाहिले, त्याला देवावाचून घास जाईना. दर्शनाने तहान भागली नाही, ती वाढली.

या तहानेची किंमत घरच्यांना मोजावी लागली, हेही विसरून चालणार नाही. मुलगा दुकानी बसत नाही, बाजारात कापड घेऊन गेला तर दगडधोंड्यांनाच गिऱ्हाईक समजून ते त्यांच्या अंगावर पांघरून येतो, याचे दुःख दामाशेटींना होते. गोणाई तर थेट विठ्ठलाशीच भांडत असे. तुला भक्त पुष्कळ आहेत, माझा पोर मला परत दे, असा तिचा आक्रोश होता. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार पुत्र, मुलगी, पुढे सुना आणि गंगाखेडहून येऊन या घराची होऊन राहिलेली जनाबाई, असा मोठा संसार होता. चुलीला लाकूड नाही आणि धनी देवळात कीर्तन करीत आहे, हे राजाईचे गाऱ्हाणे नामदेवगाथेतील अभंगांतून आजही ऐकू येते. संतांच्या घरातील स्त्रियांनी सोसलेले हे दारिद्र्य म्हणजे त्या भक्तीचेच अंग आहे. विशेष असे की, या घरातील आई, पत्नी, मुले, सुना आणि दासी, सर्वांच्या नावावर अभंग आहेत. भांडता भांडता सारे घरच त्या एका ओढीचे झाले.

कच्चे मडके

तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली असताना घडलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. मुक्ताबाईंनी कोपऱ्यातील थापटण्याकडे बोट दाखवून काकांना विचारले की, हे कशाचे साधन? मडके पक्के की कच्चे ते याने कळते, असे काका म्हणाले. मग या मडक्यांची परीक्षा होऊन जाऊ द्या, असे मुक्ताबाईंनी सुचविले. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत गेले. सारे संत निश्चल बसले. नामदेवाच्या डोक्यावर थापटणे येताच तो मात्र कळवळला, रागावला. एवढे एकच मडके कच्चे आहे, असा निर्णय झाला.

ज्याच्या हातून देव जेवला, ज्याच्याशी देव बोलतो, तो कच्चा ठरावा याचा अर्थ काय? अर्थ असा की, दर्शन होणे वेगळे आणि दर्शनाने पक्व होणे वेगळे. नामदेवाचा देव पंढरीच्या विटेवर होता. विटेखालच्या मातीत, शेजारच्या माणसात, थापटणे धरणाऱ्या हातात त्याला तो अद्याप दिसत नव्हता. दुखावलेला नामदेव विठ्ठलाकडे धावला आणि विठ्ठलानेच त्याला गुरूकडे जाण्यास सांगितले.

ते गुरू म्हणजे विसोबा खेचर. त्यांची भेट झाली ती परंपरेने औंढ्या नागनाथास, नर्सीपासून जवळच असलेल्या ज्योतिर्लिंगाच्या क्षेत्री. औंढ्याचे हे शिल्पसंपन्न देवालय यादवकालीन असून, त्यातील शिवलिंग भूमीखालील लहानशा गाभाऱ्यात आहे. अरुंद वाटेने, अंग चोरून, वाकूनच तेथे उतरावे लागते. त्या देवालयात नामदेव गेला तो त्याला एक वृद्ध मनुष्य पिंडीवर पाय ठेवून निजलेला दिसला. नामदेवाला संताप आला. वृद्ध शांतपणे म्हणाला की, मी म्हातारा झालो आहे, जेथे देव नसेल तेथे तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवाने पाय उचलून बाजूला ठेवले तो तेथे पिंडी दिसली. पुन्हा हलविले तो तेथेही पिंडी. जेथे पाय टेकावे तेथे शिव. नामदेवाच्या हातातील पाय तसेच राहिले आणि त्याच पायांवर त्याने मस्तक ठेवले.

येथे नामदेवाची श्रद्धा नाहीशी झाली नाही, ती डोळस झाली. तोंडची भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारा नामदेव आपणांस ठाऊक आहे. कोरडी खाऊ नको देवा, तूप घे, ही त्याची विनवणी ऐकून त्या काळी कोणी हसलेही असेल. परंतु नैवेद्याचे ताट घेऊन उभे राहिलेले बालक आणि वाटी घेऊन धावणारा हा प्रौढ भक्त यांच्यामध्ये औंढ्याचा गाभारा आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्या धावण्याचे मोल कळते.

विहीर आणि समाधी

ज्ञानेश्वर माउलींनी नामदेवांना बरोबर घेऊन तीर्थयात्रा केली. दोघांच्या वृत्तींतील अंतर या यात्रेत सुंदर रीतीने दिसते. माउलींच्या दृष्टीने सर्वत्र एकच तत्त्व भरलेले. नामदेवांना मात्र पंढरी मागे पडली याचीच हुरहुर. मारवाडच्या रखरखीत प्रदेशात दोघांना तहान लागली. विहीर खोल, पाणी तळाला. योगसामर्थ्य असलेले ज्ञानदेव सूक्ष्म रूपाने खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांजवळ सिद्धी कोठली? त्यांच्याजवळ एक हाक होती. त्यांनी ती मारली आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली, असे संतचरित्रकार सांगतात. ज्ञानाने तळ गाठला. आशेने पाणी वर आणले. माउलींनीही तेव्हा नामदेवाच्या भक्तीचा गौरव केला.

या सख्याचा वियोग मात्र लवकरच झाला. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर महाराजांनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवांच्या मुलांनी समाधीची जागा झाडून स्वच्छ केली, असे सांगतात. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. पुढील काही महिन्यांतच सासवडास सोपानदेव, तापीतीरी मुक्ताबाई आणि त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ, अशी ती चारही भावंडे निजधामास गेली. नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत हा सारा सोहळा आहे. आणि सोहळ्याहूनही अधिक त्यात मागे राहिलेल्याचे रडणे आहे. ज्याला सर्वत्र देव दिसू लागला तो मित्रासाठी एवढा का रडला? याचे उत्तर असे की, ज्ञानाने प्रेम आटत नाही. जे प्रेम आटते ते ज्ञानाने नव्हे, कोरडेपणाने.

त्याच १२९६ साली अलाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. पुढील वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य समूळ नष्ट झाले. मठ, मंदिरे, राजाश्रय, सारी घडी विस्कटली. मागे राहिलेल्या नामदेवांपुढे एक निराश झालेला समाज होता. अशा वेळी ते पंढरीत डोळे मिटून बसले नाहीत. टाळ-वीणा घेऊन ते उत्तरेकडे निघाले आणि पार पंजाबापर्यंत गेले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. तेथील लोकांनी या मराठी शिंप्याला आपला म्हटले. १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध करविला, त्यात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट झाली. आज जगात जेथे जेथे गुरुद्वारा आहे तेथे तेथे नर्सीच्या या सुपुत्राच्या वाणीपुढे मस्तक लवते. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमान गावी भरले आणि सातशे वर्षांपूर्वीचा तो ऋणानुबंध पुन्हा उजळला.

पंढरीला परतल्यावरचा एक प्रसंग नामदेवांच्या अंतःकरणाची खूण सांगतो. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. ज्याला जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या अस्थी शोधण्यास नामदेव स्वतः गेले. ढिगाऱ्यातील ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पदरात बांधली आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. मृत्यूनंतरही हाडांतून नाम उरते, ही कथा भाविकाला जे सांगते ते तर्काने सिद्ध करावयाचे नसते. देह गेला तरी भक्ती जात नाही, हा नामदेवांचा निश्चय त्या कथेत दिसतो.

हाच प्रश्न ख्रिस्ती धर्मात

मुक्तीनंतर भक्ती उरते काय, हा प्रश्न आपल्याच संप्रदायापुढे होता असे नाही. ख्रिस्ती धर्मात तो निराळ्या शब्दांत विचारला गेला. संत पौलाने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन टिकणारी म्हणून सांगितली आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ ठरविली. मग स्वर्गात ईश्वराचे मुख प्रत्यक्ष पाहणाऱ्या जीवाच्या ठिकाणी ही तिन्ही राहतात की एकटी प्रीतीच राहते? नामदेव तीन वर्षांचे असताना, म्हणजे १२७४ साली, इटलीत ज्याचे निधन झाले त्या संत थॉमस अक्वायनस या थोर आचार्याने असा निर्णय दिला की, विश्वास न दिसणाऱ्याचा असतो आणि आशा न मिळालेल्याची असते. म्हणून ईश्वरदर्शन होताच ही दोन्ही आपले कार्य पुरे करून संपतात, प्रीती मात्र अखंड राहते. पहाट झाली की दिवा मालवतो, तसेच हे झाले.

परंतु त्याच धर्मातील त्याहून प्राचीन आचार्यांचे मन या निर्णयापाशी थांबलेले नव्हते. दुसऱ्या शतकातील इरेनेयस याने म्हटले की, परलोकातही ईश्वर शिकवीतच राहील आणि मनुष्य शिकतच राहील, म्हणून विश्वास आणि आशा तेथेही उरतील. चौथ्या शतकातील निस्साच्या ग्रेगरीने तर असे प्रतिपादिले की, ईश्वर अनंत असल्यामुळे त्याला पाहणाऱ्याची पाहण्याची इच्छा कधीच पुरी होत नाही. प्रत्येक दर्शन पुढच्या दर्शनाची ओढ लावते. महाराष्ट्रात १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारणारे कवी नारायण वामन टिळक हे तुकोबारायांच्या वाणीवर पोसलेले होते. त्यांनी आपली भक्ती अभंगांतूनच गाइली आणि ती मराठी चर्चमधून आजही गाइली जाते. धर्म पालटला तरी ज्या छंदात मराठी मन ईश्वराची वाट पाहते तो छंद पालटला नाही, हे मनोज्ञ आहे.

आपल्या शास्त्रांनी मुक्तीचे चार प्रकार सांगितले. देवाच्या लोकी राहणे ती सलोकता, त्याच्या जवळ असणे ती समीपता, त्याचे रूप लाभणे ती सरूपता आणि त्याच्यातच मिसळून जाणे ती सायुज्यता. पहिल्या तिहींत भक्त आणि देव वेगळे राहतात, म्हणून भक्तीला वाव आहे. चौथीत भक्तच उरत नाही. मग भजन कोण करणार? ज्ञानेश्वर माउलींनी अमृतानुभवात याचे उत्तर अलौकिक दिले आहे. एकाच डोंगरात कोरून देव, देऊळ आणि परिवार घडवावा, तशी अद्वैतातही भक्ती संभवते, असा त्यांचा अभिप्राय आहे. देवही पाषाण, भक्तही पाषाण, आणि तरीही पूजा चालू आहे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्यास हा दृष्टांत समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

नामदेवांचे उत्तर याहून साधे आहे. त्यांनी सिद्धांत मांडला नाही, मागणे मागितले. मुक्ती नको, पुन्हा जन्म दे. परंतु त्या जन्मी तुझे नाम आणि संतांचा संग दे, हा त्यांच्या मागण्याचा इत्यर्थ होता. ज्या जन्ममरणाच्या फेऱ्याला भिऊन मोठमोठे तपस्वी अरण्यात गेले, तोच फेरा नामदेव पदर पसरून मागत होते. कारण फेऱ्यात भूक आहे, आणि भूक आहे म्हणून नैवेद्याला गोडी आहे.

पायरी

शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, ३ जुलै १३५०. ऐंशी वर्षांच्या नामदेवांनी पंढरीच्या महाद्वारात समाधी घेतली. त्यांच्याबरोबर त्यांच्या घरच्या मंडळींनीही देह ठेवले, असे परंपरा सांगते. एक सून लाडाई तेवढी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिच्या पोटी वंश पुढे चालला, अशी श्रद्धा आहे. घुमान येथेही नामदेवांचे समाधिस्थान भक्तिभावाने पूजिले जाते. थोर पुरुषाला अंतकाळीही एकाच गावाने आपला म्हणून भागत नाही.

समाधीसाठी त्यांनी मागून घेतलेली जागा विचार करण्यासारखी आहे. ज्याच्या हातून विठ्ठल जेवला त्या भक्ताने गाभाऱ्यातील जागा मागितली असती तर देवाने नाही म्हटले नसते. त्यांनी मागितली ती देवळाची पहिली पायरी. संतांच्या आणि वारकऱ्यांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी, एवढीच त्यांची इच्छा. ज्या पायरीवर लहानपणी डोके आपटण्यास निघाले होते, तेथेच त्यांनी वृद्धपणी ते कायमचे टेकविले. समोर चोखोबांची समाधी. एकाला आत जाऊ दिले नव्हते. दुसऱ्याने आत जाण्याचा अधिकार असूनही बाहेर राहणे पत्करले. दोघे मित्र दारातच राहिले.

गाभाऱ्यात पोहोचलेल्याची वाट पाहणे संपते. पायरीवरच्याचे ते संपत नाही. रोज नवे वारकरी येतात, रोज नव्या डोळ्यांत ती आस असते, आणि रोज नामदेवराय तीच आस नव्याने भोगतात. मुक्तीच्या दारात उभे राहूनही त्यांनी श्रद्धा आणि आशा खाली ठेवली नाही, ती आत आणि बाहेर यांच्या सीमेवर जपून ठेवली. थॉमस अक्वायनसचा दिवा पहाटेस मालवतो. नामदेवांच्या घरी मात्र सूर्य उगवल्यावरही देवापुढचा दिवा लावलाच जातो. आपल्याही घरी तसेच आहे. भरदिवसा निरांजन ओवाळणारी गृहिणी उजेडासाठी ते ओवाळीत नाही, हे का तिला सांगावयास हवे?

म्हणून घरातील वडील माणूस गेल्यावर, त्याच्या जपमाळेकडे पाहून ज्याच्या मनात तो प्रश्न येतो, त्याने नामदेवांच्या पायरीकडे पाहावे. आयुष्यभर ज्याने वाट पाहिली त्याची वाट वाया गेली नाही आणि ती थांबलीही नाही, असे ती पायरी सांगते. देव भेटणे म्हणजे ओढीचा शेवट होत असता, तर आषाढी झाल्यावर कार्तिकी कोणी केली असती?

नर्सी हे गाव १ मे १९९९ पासून नव्या हिंगोली जिल्ह्यात आले. त्यापूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. जिल्हे बदलतात, रस्ते बदलतात. कयाधूच्या काठी परतवारीला जमणाऱ्या जनसमुदायात मात्र तीच माणसे दिसतात: पंढरीहून पाय दुखवून आलेले म्हातारे, कडेवर लेकरू घेतलेल्या लेकी-सुना, आणि पागोटे बांधलेले शीख भाविकसुद्धा. दर्शन घेऊन ते घरी जातात आणि घरी जाताच पुढच्या वारीचे दिवस मोजू लागतात. येत्या त्रयोदशीला महाद्वारात हजारो मस्तके त्या पायरीवर टेकतील. ज्यांना तेथे जाणे घडणार नाही त्यांनी आपल्या उंबरठ्यावर एक फूल ठेवावे. नामदेवराय उंबरठ्यावरच असतात.